रक्तापर्यंत पोचलेले थेंब

मित्रांनो, औषधांच्या कंपनीच्या कोठीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागे एक बुटके पोलादी यंत्र धूळ खात पडले आहे, ते म्हणजे मीच. मला होमोजनायझर म्हणतात. नाव अवघड असले तरी माझे काम समजायला सोपे आहे. तेलाचे थेंब एका बारीक फटीतून जोराने ढकलायचे आणि त्यांचा इतका चुरा करायचा, की ते पाण्यात मिसळून जावेत.

माझी उमेदीची वर्षे डेअरीत गेली. माझ्यातून निघालेल्या दुधावर साय धरत नसे. पुढे डेअरीत मोठे यंत्र आले आणि मला या कंपनीच्या प्रयोगशाळेने उचलले. तिथे मला ताई भेटल्या.

ताई संशोधक होत्या. त्यांचा धाकटा भाऊ मुलांना पोहायला शिकवायचा. त्याच्या स्नायूंना एक आजार जडला. आपल्या पेशी अन्नापासून ऊर्जा तयार करतात. त्याच्या पेशींना ते जमेनासे झाले. आधी जिना चढवेना, मग शर्टाची बटणे लावणेही जड जाऊ लागले. डॉक्टरांनी त्याला एक अँटिऑक्सिडंट दिले होते. ती नारिंगी पूड पेशींची झीज थोपवील आणि ऊर्जा तयार व्हायला हातभार लावील, अशी आशा होती. पण ती पाण्यात विरघळत नसे. पोटात जाई आणि बरीचशी तशीच बाहेर पडे.

"म्हणजे एवढं महागाचं औषध आणायचं आणि संडासात टाकायचं," मला बघायला आलेला भाऊ हसत म्हणाला. "त्यापेक्षा मलाच यातून काढ ना ताई. सरळ मुरून जाईन."

"गप रे. रक्तापर्यंत पोचवायचं काम माझं," ताई म्हणाल्या.

डॉक्टरांच्या संमतीने काम सुरू झाले. ताई पूड तेलात विरघळवत, ते तेल पाण्यात घालत आणि मिश्रण माझ्यात ओतत. सुरुवातीला सकाळपर्यंत बाटलीत नारिंगी तवंग वर यायचा. मी तापायचो, थरथरायचो. ताई माझ्याभोवती बर्फाचे पाणी फिरवत आणि पुन्हा सुरुवात करत. शेवटी एक मिश्रण असे जमले, की तवंग आलाच नाही. भावाने ते काही आठवडे घेतले आणि रक्ताची तपासणी झाली. औषध रक्तात पूर्वीच्या कितीतरी पट पोचले होते! मोठ्या साहेबांनी माझ्या झाकणावर थाप मारली. "म्हाताऱ्यात अजून दम आहे की!" मित्रांनो, इतके कौतुक माझ्या वाट्याला कधीच आले नव्हते.

त्यानंतर भाऊ आला तो चाकांच्या खुर्चीतून. चहाचा कप त्याने दोन्ही हातांनी धरला, तरी चहा सांडला.

"डॉक्टर म्हणतात, रक्तात भरपूर आहे. पण तुझ्या पेशी ते वापरतच नाहीत," ताई म्हणाल्या.

"मग झालं की. तू तुझं काम केलंस."

"झालं कसं? थेंब अजून बारीक करता येतील."

भाऊ म्हणाला, "पूर्वी रविवारी यायचीस तेव्हा आपण पत्ते खेळायचो. आता येतेस, रक्त काढतेस, बाटली ठेवतेस नि निघतेस. मला पत्ते धरता येतात गं अजून. पण फार दिवस नाही येणार."

ताईंचे डोळे भरले. "एवढी एक बॅच होऊ दे. मग येते निवांत."

एकीची दुसरी झाली, दुसरीची तिसरी. माझी झडप झिजली, नवी यायला वेळ लागला. अखेर इतके बारीक थेंब निघाले, की मिश्रणातून पलीकडचे दिसावे. पण तोवर भावाला गिळता येईनासे झाले होते. बाटल्या फ्रीजमध्येच राहिल्या.

"काल पत्ते घेऊन गेले होते," एका सोमवारी ताई प्रयोगशाळेतल्या मदतनीस मुलीला सांगत होत्या. "त्याच्या बोटांत राहिनात. मग दोघांचा डाव मीच खेळले. तो नुसता बघत होता."

पुढच्या रविवारपर्यंत तो राहिला नाही.

ताई कामावर परतल्या तेव्हा त्यांनी सगळ्या बाटल्या बेसिनमध्ये ओतल्या. मला सुटे करून धुतले, पुसले, पुन्हा जोडले. मग त्यांची दुसऱ्या विभागात बदली झाली. तो प्रयोग कंपनीने गुंडाळला आणि मी कोठीत आलो.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, असे मी म्हणणार नाही. मला गंज चढला तरी कुणाचे काही अडत नाही. तुम्ही मोठे व्हाल, औषधे शोधाल, जरूर शोधा. पण घरात कुणी आजारी असेल आणि "बस ना जरा" म्हणाले, तर हातातले काम ठेवून बसा. ताईंनी त्या दिवशी माझे बटण बंद केले असते, तर माझे काय बिघडणार होते? मी यंत्र होतो. मी थांबलो असतो.