अकराव्या प्रकरणातली पेन्सिल

नव्या आवृत्तीची प्रुफं आली आणि तिसऱ्याच पानावर लेखकाला संशय आला. कादंबरीतल्या घराला अकरा पायऱ्या होत्या आणि त्यातली चौथी हलत होती. एकतीस वर्षांपूर्वी त्याने नऊ पायऱ्या लिहिल्या होत्या आणि त्यातली एकही हलत नव्हती. त्याने आपली जुनी, पानं गळालेली प्रत काढून पाहिलं. नऊच.

संशय ही त्याची जुनी खोड. दूधवाल्यापासून समीक्षकापर्यंत जो कोणी गोड बोलेल त्याच्या मनात काहीतरी आहे, हे तो धरूनच चालायचा. त्याने चष्मा पुसला, डाव्या हाताला जुनी प्रत ठेवली, उजव्या हाताला प्रुफं, आणि डोळ्यांत तेल घालून ओळ न् ओळ ताडून बघायला बसला. खरं तर या आवृत्तीत त्याला भाषा जरा आवरायची होती. तरुणपणी विशेषणं त्याला फुकट मिळत असावीत, इतकी त्याने वाटली होती. ते काम राहिलं बाजूला. आईच्या चष्म्याची मोडकी दांडी त्याने पांढऱ्या दोऱ्याने बांधली होती, इथे दोरा काळा होता. खिडकीतून त्याने बाग दाखवली होती, इथे समोरच्या लाँड्रीची मागची भिंत दिसत होती.

आणि अंगावर काटा यावा अशी गोष्ट ही, की सगळं खरं होतं. ज्या घरावरून त्याने ते घर लिहिलं, त्याला अकराच पायऱ्या होत्या. बाग त्याने शोभेसाठी लावली होती.

त्याने संपादिकेला फोन लावला.

"सर, आम्ही एक शब्द बदललेला नाही," ती म्हणाली. "तुमच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, तेवढ्याच घेतल्या."

"माझ्या? मी कधी केल्या खुणा? मी सगळं प्रुफांवर करणार होतो!"

"तुमच्याकडून आलेल्या प्रतीवर होत्या ना, सर. आमचा नियमच आहे. लेखकाच्या प्रतीवरची खूण म्हणजे लेखकाची दुरुस्ती. टाइप करणारा ऑपरेटर विचारत बसत नाही."

लेखकाने फोन ठेवला. पुस्तक नव्याने टाइप करायचं म्हणून प्रकाशकाने एक अखंड प्रत मागितली होती. त्याच्या प्रतीची सोळा पानं गायब. 'मिळव कुठूनतरी आणि दे पाठवून,' असं बायकोला सांगून त्याने हात झटकले होते. पाठवलेली प्रत त्याने डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती.

बायको कपाट आवरत होती.

"ती प्रत कुठून आणलीस गं?"

"कुठली?"

"कुठली म्हणजे! प्रकाशकाला पाठवलीस ती."

"मिळाली एकीकडे," ती म्हणाली आणि घडी घातलेला टॉवेल तिने पुन्हा उलगडून पुन्हा घडी घातला.

तेहतीस वर्षांच्या संसारात ही बाई साधी सुई घेऊन आली तरी दुकानदाराच्या जावयापर्यंत सगळं सांगायची. ती आज 'एकीकडे' म्हणत होती. कुठेतरी पाणी मुरत होतं.

चौथी पायरी हलते, हे ठाऊक असणारी माणसं किती? आई-वडील गेले. बायको घरात आली ती ते घर सोडल्यावर. राहिला तो स्वतः आणि राहिली ताई. ताई त्याची थोरली बहीण. कादंबरी आल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. ती भांडली नव्हती, फक्त यायची थांबली. 'कादंबरी म्हणजे काय पोलिसांतला जबाब आहे, सगळं खरं असायला?' असं तो लोकांना तावातावाने सांगायचा. तिला मात्र त्याने ते कधी सांगितलं नव्हतं.

मग त्याला अकरावं प्रकरण आठवलं आणि त्याची पाचावर धारण बसली.

अकराव्या प्रकरणात आई जाते. संध्याकाळची वेळ, थोरली मुलगी नाटकाच्या तालमीला गेलेली, धाकटा मुलगा आईचा हात धरून बसलेला. या प्रकरणावर वाचक ढसाढसा रडले होते. 'त्या संध्याकाळी मी आईपाशी होतो,' असं त्याने किती सभांतून सांगितलं असेल, त्याला मोजदाद नव्हती. सांगून सांगून ते त्याला निम्मंअधिक खरं वाटू लागलं होतं. प्रत्यक्षात तालमीला तो गेला होता. आईपाशी ताई होती.

ताईने तिथे पेन्सिल चालवली असेल तर? आणि ऑपरेटर तर विचारत बसत नाही. प्रुफांत पहिली पाचच प्रकरणं आली होती. त्याने चपला घातल्या.

प्रकाशकाच्या कचेरीत मागच्या खोलीत ऑपरेटर टाइप करत होता. चाळिशीचा, शांत माणूस. आज त्याचा शांतपणाही लेखकाला कावेबाज वाटला. याने वाचलं असणार. हा आतून हसत असणार.

"तुमचं अक्षर सुरेख आहे हो, सर," ऑपरेटर म्हणाला आणि त्याने प्रत पुढे केली.

पहिल्या पानावर दुकानाचा शिक्का होता. लेखकाने तेव्हा अख्ख्या गावाला प्रती भेट दिल्या होत्या. ताईने आपली विकत घेतली होती. चुकलेल्या शब्दाभोवती गोल, समासात दुरुस्ती, पुढे छोटीशी बरोबरची खूण. शाळेत असताना त्याचे निबंध ती अशीच तपासायची.

त्याने उभ्याउभ्याच अकरावं प्रकरण काढलं. 'थोरली तालमीला गेली होती.' काही खूण नाही. 'तिला आईपेक्षा टाळ्या प्रिय होत्या.' या वाक्यावर तर ती तुटून पडली असणार, असं त्याला वाटलं होतं. तिथेही काही नाही. धाकट्याने आईचा हात धरला होता, तो ताईने धरू दिला होता. सबंध प्रकरणात एकच गोल होता. आईचा शेवटचा शब्द त्याने 'पाणी' असा लिहिला होता. तो खोडून समासात लिहिलं होतं, 'जेवला का गं तो?'

लेखक स्टुलावर बसला.

"ते वाक्य फार छान बदललंत," ऑपरेटर हळूच म्हणाला. "टाइप करताना मी थांबलो होतो जरा."

'पाणी' त्याने अंदाजाने लिहिलं होतं. जाणारी माणसं पाणी मागतात, म्हणून. आई काय म्हणाली हे त्याला माहीत असायला तो तिथे हवा होता ना! एकतीस वर्षं आईचं शेवटचं वाक्य ताईच्या घरात पडून होतं आणि त्याला ते विचारायची लाज वाटली होती. आता मात्र त्याला रडू आलं, आणि ऑपरेटर कावेबाज नव्हता, कारण तो उठून बाहेर गेला.

प्रत बगलेत मारून तो घरी आला. त्याच्या बगलेकडे पाहून बायकोने ओळखलं.

"ताईंकडून आणली," ती म्हणाली. "दरवर्षी जाते मी त्यांच्याकडे. तुमचं बोलणं नाही म्हणून मीही बोलणार नाही, असं काही लिहून दिलं नव्हतं मी. पण आत खुणा आहेत हे देवाशप्पथ माहीत नव्हतं."

"तालमीला कोण गेलं होतं, ते माहितीये तुला?"

"ते सगळ्यांनाच माहितीये," बायको म्हणाली, आणि तिनेच नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला.

"ताई, मी."

पलीकडून आवाज आला, "छोट्या?"

"तुझी प्रत... त्यावर खुणा होत्या."

"अगंबाई! पुसायच्या राहिल्या का? छापल्या की काय? मी आपल्या माझ्यापुरत्या केल्या होत्या रे. घर चुकलं होतं तुझं, म्हणून."

"स्वतःचं काहीच नाही बदललंस?"

"तुझी गोष्ट होती ना ती. पण आईचं राहवलं नाही मला."

"आईने विचारलं, तेव्हा तू काय सांगितलंस?"

"जेवला म्हणून सांगितलं. मग तिने डोळे मिटले. नव्हतास ना जेवला?"

"नव्हतो."

"वाटलंच मला."

संध्याकाळ होईतो तो पेन्सिल घेऊन त्या प्रतीवर बसला. तालमीला त्याने धाकट्याला पाठवलं. टाळ्यांचं वाक्य खोडलं नाही, ते धाकट्याच्या नावावर केलं. आईचा हात थोरलीच्या हातात दिला. ताईच्या अक्षराखाली आपल्या अक्षरात लिहिलं, '"जेवला," थोरली म्हणाली.' मग प्रत पुन्हा कागदात बांधली. ऑपरेटर विचारत बसणार नव्हता.