हलकी बॅटरी

माझ्या नवऱ्याचा चोरांवर फार विश्वास आहे. म्हणजे चोर येणारच, आपल्याच घरी येणार आणि गाडीची बॅटरीच नेणार, यावर. बालाघाट जिल्ह्यातल्या बैहरला नोकरीत असताना क्वार्टरच्या अंगणातून जुन्या जीपची बॅटरी गेली, तेव्हापासून यांचा नेम सुरू झाला. रोज संध्याकाळी बोनेट उघडायचं, बॅटरी काढायची, पोटाशी धरून व्हरांड्यात आणायची आणि पाटावर ठेवायची. सकाळी परत नेऊन बसवायची. जीप गेली, नवी गाडी आली, नेम काही सुटला नाही. नव्या गाडीला हे सोसत नाही. तिचं घड्याळ रोज पहिल्यापासून सुरू होतं, काचा आपोआप वर जायचं विसरतात आणि पडद्यावर ती आम्हाला कोणती भाषा हवी ते विचारते. आम्ही हिंदीवर बोट ठेवतो आणि भाजी आणायला निघतो.

मग यांचं गोंदियाला हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वजन उचलायचं नाही. यांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली, आणि घरी आल्यावर टाके ओले असतानाच मला बोनेटपाशी सापडले. तेव्हा मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या गीतानं ते ऐकलं असावं, कारण पुढं काही दिवस ती माझ्याशी फार जपून बोलत होती.

अशा वेळी नागसेनभाऊ धावून आले. हे आणि नागसेनभाऊ एकाच कार्यालयात लागले, एकाच खोलीत समोरासमोर बसले आणि निवृत्त झाल्यावरही सकाळचा चहा दोघं आमच्या व्हरांड्यात घेत. ऑपरेशननंतर गाडी तेच चालवू लागले. त्यांची एकच अट होती.

"भाऊ, बोनेटले हात लावाचा नाही. गाडी गेटाच्या अंदर हाय, गेटाले कुलूप हाय. बॅटरी गाडीतच राहीन."

यांनी ऐकलं. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं, माझं तर नाहीच.

पण डॉक्टरांनी मोकळं सोडलं की हे पुन्हा सुरू होणार, हे मला दिसत होतं. आमची सून वैदेही नागपूरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत आहे. तिनं उपाय काढला. "आई, बाबांची सवय सुटणार नाही. आपण बॅटरीच हलकी करू," ती म्हणाली. लिथियमची बॅटरी असते म्हणे. जुनी उचलताना माणूस कण्हतो, ही दुधाच्या पिशवीसारखी एका हातात येते. महाग होती. किती ते यांना कळलं असतं तर टाके पुन्हा घालावे लागले असते. म्हणून आम्ही ठरवलं की गोंदियाची तपासणी होईपर्यंत यांना सांगायचंच नाही.

बॅटरी कुरिअरनं आली. एका दुपारी हे झोपले असताना नागसेनभाऊंनी ती बसवली. जुनी घरात दिसली असती, म्हणून ती आपल्या घरी नेऊन ठेवली. मी त्यांना बजावलं, "यायले काही बोलू नका. वेळ पाहून मी सांगीन."

"तुमी म्हणाल तवाच, वहिनी," ते म्हणाले.

तपासणीच्या दिवशी सकाळी गाडी सुरू होईना. म्हणजे काहीच होईना. दिवा लागेना, हॉर्न वाजेना, किल्ली फिरवली की टक् असा आवाजही येईना. नागसेनभाऊ बोनेट उघडून पाहत होते, तेवढ्यात फाटकावरून प्रेमलाल मेकॅनिक चालला होता, त्याला यांनी हाक मारली. प्रेमलाल आला, आत वाकला, दोन तारा सोडवल्या आणि बॅटरी एका हातानं वर उचलून हसायला लागला.

"बाबूजी, ये तो किसी ने हलकी बैटरी डाल दी. इसमें वजन ही नहीं है. आपकी ओरिजनल कहाँ गई?"

आमच्याकडे हलकं म्हणजे वजनाला कमी. आणि हलकं म्हणजे नकली, निकृष्ट, बाजारात गळ्यात मारतात ते. प्रेमलालला हा दुसरा अर्थच म्हणायचा होता आणि यांनीही तोच ऐकला.

"माही बॅटरी कुठं हाय, नागसेन?"

"माह्या घरी हाय, भाऊ."

नागसेनभाऊंना खोटं बोलता येत नाही, हीच तर पंचाईत. पुढचं सांगायचं तर मला दिलेला शब्द मोडत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारात डब्याची पिशवी घेऊन उभी होते. मला एवढंच म्हणायचं होतं, अहो, ती वैदेहीनं पाठवली आहे. पण प्रेमलाल समोर उभा होता, गीता तिच्या ओट्यावर झाडू थांबवून ऐकत होती आणि यांचं तोंड लालबुंद झालं होतं. आत्ता सांगितलं तर सगळा राग माझ्यावर येईल, चारचौघांत किंमत निघेल, आत गेल्यावर सांगू, असं मला वाटलं. कुणाचं ऐकून घेत नाही म्हणून सगळ्या वॉर्डात माझं नाव आहे, आणि मी पिशवीची गाठ सोडून परत बांधत राहिले.

"वा रे वा," हे म्हणाले. "हलक्या लोकाईच्या हाती किल्ली देली का असंच होते."

हलकं या शब्दाला आमच्याकडे तिसराही अर्थ आहे. नागसेनभाऊ बौद्ध आहेत. आम्ही कोण, ते बालाघाटात कुणाला सांगावं लागत नाही. तो अर्थ आमच्या घरात कुणाच्या तोंडी येत नाही, असं मी वैदेहीला लग्नाआधी मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं.

प्रेमलालनं बॅटरी होती तिथं ठेवली, तारा जोडल्या आणि तो निघून गेला. नागसेनभाऊंनी बोनेट लावलं, किल्ली त्यावर ठेवली. "येतो, वहिनी," एवढंच म्हणाले. त्यांची स्कूटर आमच्या अंगणात उभी होती. ती त्यांनी तिथं सुरू केली नाही, ढकलत फाटकाबाहेर नेली.

त्या दिवशी गोंदियाला जाणं झालं नाही. दुपारी मी वैदेहीला फोन लावला.

"आई, गाडीतला आतला दिवा चालू राहिला होता का?" तिनं विचारलं. "बॅटरी मेलेली नाही. फार उतरली की खराब होऊ नये म्हणून ती स्वतःलाच बंद करून घेते. वर एक बटण आहे बघा. ते दाबा आणि लगेच किल्ली फिरवा."

दिवा यांनीच लावला होता, चष्मा शोधताना. नंतर चष्मा कपाळावर सापडला आणि दिवा तसाच राहिला. मी बटण दाबलं, किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. एका बोटाचं काम होतं.

इंजिन चालू ठेवूनच मी यांना सगळं सांगितलं. हे आधी किमतीवर ओरडले, वैदेहीवर ओरडले, लिथियमवर ओरडले. मग पायरीवर बसले.

"म्हंजे नागसेननं काहीच केलं नाही?"

"केलं ना. तुमच्यासाठी केलं."

"मंग तो बोलला काहून नाही?"

"मी नको म्हटलं होतं म्हणून."

"अन् तू काहून नाही बोलली?"

मी गाडी बंद करायला उठले. परत आले तर हे तिथंच बसलेले.

"मी बॅटरीले म्हणलो, उमा. हलकी. बॅटरीलेच म्हणलो ना मी?"

हे खोटं बोलत नव्हते, याचना करत होते. माझा नवरा फाटक्या तोंडाचा आहे, पण मनात ठेवणारा नाही. राग उतरला की त्याला स्वतःचं बोलणं आठवतं आणि मग तो जेवत नाही. मला त्याची कीव आली, आणि स्वतःचा राग आला.

"चला," मी म्हटलं. "त्याइच्या घरी जाऊ."

नागसेनभाऊंनी दार उघडलं, या म्हणाले. त्यांच्या बायकोनं, सरितानं, पाणी आणलं. आमची जुनी बॅटरी कोपऱ्यात घडी केलेल्या पोत्यावर ठेवली होती, पुसून, वरच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून. हे तिच्याकडे पाहत राहिले आणि मग हात जोडले.

"माहं चुकलं, नागसेन. मले वाटलं, कोणी नकली माल मारला."

नागसेनभाऊ हसले. "प्रेमलालले तरी काय माहीत, भाऊ. मीच पहिल्यांदा उचलली तं मले वाटलं, सुनबाईनं रिकामा डबाच पाठवला."

आम्ही सगळे हसलो. सरिताही हसली. मला वाटलं, निभावलं. आता उठावं, घरी जावं. पण यांना कुठं थांबायचं ते कधी कळलंच नाही.

"अन् ते मी जे बोललो ना, ते बॅटरीले बोललो हो. हलकी बॅटरी, असं म्हणत होतो मी."

सरिता चहा गाळत होती, तिचा हात थांबला. नागसेनभाऊंनी पाण्याचे पेले बाजूला सरकवले. ते माझ्याकडे वळले.

"वहिनी, तुमी तं तिथंच होत्या. भाऊ कोणाले म्हणाले?"

आवाजात राग नव्हता. बाजारात भाव विचारावा तसं त्यांनी विचारलं. मी यांच्याकडे पाहिलं. यांचे हात अजून जोडलेलेच होते. मनात म्हटलं, खरं बोलले तर हा माणूस इथं सरितासमोर उघडा पडेल, नुकतं ऑपरेशन झालं आहे, आणि आता झालं ते झालं, उकरून काय मिळणार. सगळी कारणं खरी होती आणि सगळे बहाणेच होते.

"बॅटरीलेच म्हणाले," मी म्हणाले.

"हौ?"

"हौ."

"मंग झालं तं," नागसेनभाऊ म्हणाले आणि बिस्किटांची बशी आमच्याकडे सरकवली.

घरी आल्यावर हे पोटभर जेवले. "तू सांगतलं म्हणून त्याले पटलं," म्हणाले आणि पाठ टेकताच घोरू लागले. मी माझं ताट तसंच झाकून ठेवलं. मला माझी लाज वाटत होती. हे रागात बोलून गेले, तोल गेला होता त्यांचा. माझा कुठं गेला होता? मी शुद्धीत होते, पहिल्यांदा गप्प बसताना आणि दुसऱ्यांदा तोंड उघडतानाही. त्या माणसानं माझा शब्द राखायला स्वतःवर चोरीचा आळ घेतला, आणि मी त्याला त्याच्याच घरात बसून सांगितलं की तुझ्या कानांनी जे ऐकलं ते तू ऐकलंच नाहीस.

मधल्या दिवसांत नागसेनभाऊ चहाला आले नाहीत. सर्दी झाली आहे, असा निरोप आला. हे म्हणाले, थंडीच तशी पडली आहे. तपासणीची नवी तारीख आली त्या सकाळी मात्र ते वेळेवर हजर झाले. किल्ली घेतली, काच पुसली. लगेच गाडी सुरू केली नाही, आधी पुढचे दिवे लावून थोडे थांबले. थंडीत ही बॅटरी आळसावते, थोडं काम दिलं की तिच्या अंगात ऊब येते, हे वैदेहीनं त्यांना बसवतानाच फोनवर सांगितलं होतं. मग किल्ली फिरवली आणि इंजिन लागलं.

"चला, साहेब," ते म्हणाले.

हे त्यांच्या शेजारी बसले होते. हे हसले. "साहेब काय लेका!"

नागसेनभाऊही हसले. "पट्टा लावा, साहेब."

गाव मागं पडलं. हे धानाच्या भावावर बोलत होते, ऑपरेशनच्या टाक्यांवर बोलत होते. नागसेनभाऊ हौ म्हणत होते, नाही म्हणत होते, विचारलं तेवढं सांगत होते. यांच्या कार्यालयात एक फार मोठे अधिकारी होते, त्यांच्याशी दोघं असंच बोलत. हळूहळू यांचं बोलणं आटलं. रजेगावच्या पुलाआधी नागसेनभाऊंनी गाडी कडेला घेतली.

"मॅडम, तुमच्या बाजूचं दार नीट लागलं नाही. पुन्हा लावा."

मला आधी कळलंच नाही की ते माझ्याशी बोलत आहेत. हे मागं वळून माझ्याकडे पाहू लागले. मी दार उघडलं आणि जोरात ओढून लावलं. मग मला राहवेना.

"नागसेनभाऊ, त्या दिवशी हे बॅटरीले नाही म्हणाले. तुमालेच म्हणाले. मी माह्या कानानं आयकलं. तुमच्या घरी मी खोटं बोलली."

हे समोरच्या काचेकडे वळले आणि मान खाली घातली. नागसेनभाऊंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"साहेब कोणाले म्हणाले ते मले तवाच माहीत होतं, मॅडम," ते म्हणाले. "तुमी काय म्हणता, ते पाहाले इचारलं होतं."

मग त्यांनी इंडिकेटर दिला, मागून येणारी बस जाऊ दिली आणि गाडी रस्त्यावर घेतली.