मोहाखालचं वळण

धक्का मला पडण्याचा बसलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. पडणं मला नवीन नाही. जानेवारीत याच वळणावर मी गळ्याजवळचं हाड मोडून घेतलं होतं. धक्का बसला तो फुलीबाईने तोंड उघडल्यावर, आणि तो अजून उतरलेला नाही.

मी चारुलता, तळोद्याच्या शाळेत गणित शिकवते. चाळिशीत गिअरची सायकल घेतली आणि डोंगराकडच्या मातीच्या वाटांवर हिंडायला लागले. हे वळण त्याच वाटेवर. डावीकडे वळणारा उतार, पायाखाली मुरूम, आतल्या अंगाला मोहाचं झाड, बाहेर नाला. जानेवारीत दवाखान्यातल्या खाटेशी उभं राहून नवरा म्हणाला, "आते परत पडनी ना, ते सायकल ईकी टाकसू." हेमकांत बोलतात कमी, पण बोललेलं करतात. म्हणजे सायकल विकली जायला नको तर पडून चालणार नव्हतं.

मग मी नवनीतला धरलं. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि तो स्वतः शर्यतीत उतरलेला. तो म्हणाला, "ताई, ब्रेक वळणना आधी. बाहेरला पाय खाले, सगळं वजन त्यावर. सायकल झुकाडा, आंग नको. आनि नजर चाकपुढे नको, वळण सुटस तठे ठेवा."

हाड जुळलं आणि मार्चच्या मध्यापासून मी रोज सकाळी साडेसहाला त्या वळणावर हजर. जवळच्या पाड्यावरची फुलीबाई झाडाखाली टोपली घेऊन मोहाची फुलं वेचत असायची. मी मान हलवायची, ती मान हलवायची, एवढीच आमची ओळख. पहिला आठवडा मी जीव मुठीत धरून उतरले. पुढे मात्र वळणातून जायची रेघ सापडली. लांबून बाहेरच्या अंगाने जायचं, घाई न करता उशिरा आत शिरायचं. चाक रुळावर असल्यासारखं जायला लागलं. महिन्याभरात मी ब्रेकला हातही न लावता उतरत होते. शाळेच्या स्टाफरूममध्ये माझ्यासमोर वळण हा शब्द काढायची सोय राहिली नाही, मी लगेच डस्टर झुकवून दाखवायची.

शेवटी हेमकांतना म्हटलं, चला, डोळ्यांनी बघा. मागच्या रविवारी ते वळणाच्या खाली येऊन उभे राहिले, हाताची घडी घालून. मी वरून सुटले. बाहेरचा पाय खाली, नजर थेट वाट सुटते तिथे. पुढचं चाक कधी निसटलं ते कळलंच नाही. सागाच्या वाळल्या पानांवरून मी सायकलसकट घसरत हेमकांतच्या पायांशी जाऊन पोचले.

कोपर सोलवटलं होतं. हाडं शाबूत होती. पण पानं? इथे पानं कुठून आली? मी उठून वळणाकडे बघितलं तर सगळीकडे पानं आणि सुटा मुरूम. माझी रेघ नव्हतीच.

फुलीबाई वरच्या बांधावर शेळी घेऊन उभी होती. मी तिच्यावरच खेकसले, "हे काय झालं इथे?"

"काय व्हयनं? मोहू सरना," ती शांतपणे म्हणाली. तिची घरची बोली वेगळी, पण बाजारात बोलते तशी ती माझ्याशी अहिराणीत बोलत होती. "आते कोन झाडी?"

"तू झाडायचीस?"

"रोज सांजले. फुलं येचाले जागा साफ लागस ना बाई. पन तुन्हं चाक रोज मन्हा मोहूवर जाये. निस्ता चेंदा! मंग झाडथून लांब, बाहेरथून, तुले वाट झाडी दिनी. तू त्याच वाटथून जावाले लागनी."

महिनाभर मी ज्या रेघेचा तोरा मिरवला, ती या बाईने झाडूने काढलेली होती! माझं चाक फुलांवरून जाऊ नये म्हणून! शेळीला वळवावं तसं तिने मला वळवलं होतं, आणि नजर पुढे ठेवायच्या नादात मी पायाखालची जमीन एकदाही बघितली नव्हती. मला इतकी लाज वाटली की कोपराचं दुखणंही विसरायला झालं.

हेमकांतनी सायकल उचलली, हँडल सरळ केलं. आता ही घरी जाणार आणि तिथून गिऱ्हाइकाकडे, असं मी धरूनच चालले होते. पण त्यांनी सायकल माझ्या हातात दिली आणि वळणावर जाऊन चपलेने पानं बाजूला सारायला लागले.

"एक बी पान हालाडू नका!" मी ओरडले. एवढ्या मोठ्याने की शेळी बिथरली.

ते बाजूला झाले. मी सायकल ढकलत वर गेले. या वेळी आधी जमीन बघितली, पानं कुठे दाट आहेत, मुरूम कुठे सुटा आहे. ब्रेक वळणाच्या बराच आधी दाबला, मग नजर पुढे नेली. मागचं चाक एकदा सरकलं. हँडल सरळ धरून ठेवलं आणि खाली पोचले.

"हळू उनी," हेमकांत म्हणाले.

हळूच आले. पण त्या वळणावरून माझी मी पहिल्यांदाच आले होते.