दोन पानांचा फटका

मुलांच्या पुस्तकात सगळ्यात मोठी लबाडी करायची जागा म्हणजे पान उलटणं. उजव्या पानावर कुणी कड्यावरून घसरतो, पान उलटलं की गवतात बसून हसत असतो. मधलं पडणं गुलदस्त्यात. माझ्या दादाला ही लबाडी छान जमते. तो मजकूर लिहितो आणि मी चित्रं काढते.

या वेळचं पुस्तक अस्वलबाबाचं होतं. बाबा चिडतो, पिल्लावर पंजा उगारतो आणि शेवटी सगळे बिलगून झोपतात. कुठल्या पानावर काय येणार हे ठरवायला आम्ही कोऱ्या कागदांची डमी शिवून घेतली होती. दादाने उजव्या पानावर उगारलेला पंजा मांडला आणि पुढच्या पानावर थेट बिलगणं.

"आणि फटका?" मी विचारलं.

"तो पान उलटताना बसतो. मुलं समजून घेतात."

"आपणही समजूनच घेत होतो. मला फटक्याला समोरासमोरची दोन्ही पानं हवीत."

"हळू बोल, आप्पा आत आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"ती मूठ आपल्याच थोबाडावर बसायची, दादा."

आप्पा म्हणजे आमचे वडील; त्यांच्या माराला दादा आजही शिस्त म्हणतो. माझ्यापेक्षा जास्त त्यानेच खाल्ला, तरी म्हणतो. निदान या पुस्तकात तरी तो मार दिसावा एवढंच मला हवं होतं. मी फटक्याचं कच्चं चित्र पुढे सरकवलं. त्याने ते न बघताच टराटरा फाडलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात स्टीलची पट्टी होती, ती मी त्याच्या बोटांवर हाणली. कातडी सोलून रक्त आलं. त्याने माझे केस मुठीत धरून तोंड टेबलावर आपटलं. नाकात काहीतरी कट्कन वाजलं. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले आणि सोडलंच नाही. रंगाच्या बाटल्या खाली पडून फुटल्या. चाळिशी उलटलेली आम्ही दोघं बोक्यांसारखी झोंबत होतो, आणि खरं सांगते, मारताना मला बरं वाटत होतं.

"काय तमाशा मांडलाय?"

आप्पा दारात उभे होते. एक हात चौकटीला, दुसरा वर उगारलेला. या हाताला आता चहाचा कपसुद्धा धड पेलत नाही.

दादाने माझे केस सोडले. तो भिंतीशी खाली बसला, गुडघे पोटाशी घेतले आणि दोन्ही कोपरं कानांवर घट्ट दाबली. दाढी पिकायला लागलेला माणूस, असा बसलेला. आप्पांचा हात हवेतच राहिला. मग त्याच हाताने त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले.

मी दादाला उठवलं नाही. नाकाचं रक्त बाहीला पुसत डमी मधोमध उघडली आणि कोळशाने काढायला लागले. डाव्या पानावर कानांवर कोपरं दाबलेलं पिल्लू. मधल्या शिवणीपासून त्याला चांगलं लांब ठेवलं, नाहीतर बांधणीत तोंड गिळलं जातं. उजव्या पानावर अस्वलबाबा. तिथून त्याचा पंजा आला, शिवण ओलांडून पिल्लापर्यंत.

दादा उठून माझ्या मागे उभा राहिला. त्याने हेही फाडायला हात घातला असता, तर या वेळी मी पट्टी त्याच्या तोंडावर मारणार होते. तो नुसता बघत राहिला.

आप्पांनी चष्मा लावून वाकून पाहिलं.

"पंजा फार मोठा काढलायस," ते म्हणाले. "अस्वलाच्या मानाने."

मी तोंड उघडलं, पण दादाच आधी बोलला.

"तेवढाच होता, आप्पा."