दिवेलागणीचा तारा

मी आरसा बोलतोय. पण माझ्यात बघून भांग पाडायला येऊ नका, नाक भोपळ्याएवढं दिसेल. माझा जन्म नाशकातल्या पंचवटीत, एका गच्चीवर झाला. ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला असलेल्या गंगाधररावांनी पिंपावर जाड काच ठेवली आणि पिंपाभोवती फिरत फिरत, भुकटीनं घासून घासून मला खोलगट केलं. मग चांदीचा मुलामा चढवून दुर्बिणीच्या तळाशी बसवलं.

त्यांना एकच ध्यास होता. व्याधाच्या झगझगीत ताऱ्याला एक अंधुक जोडीदार आहे, तो एकदा तरी बघायचा. घाईही होती. तो वर्षागणिक व्याधाच्या जवळ सरकत होता. एकदा त्या झगमगाटात शिरला, की गंगाधररावांच्या हयातीत पुन्हा दिसणं कठीण.

पण तिन्हीसांजा झाल्या, की त्यांच्या पत्नी श्यामलाबाई जिन्यातून हाक मारायच्या, "अहो, दिवा लावलाय, खाली या."

ते हातपाय धुऊन देवापुढं बसायचे, जेवायचे आणि मिट्ट काळोख पडल्यावर वर यायचे. तोवर व्याध असा पेटलेला असायचा, की शेजारचं काही दिसूच नये. हिवाळ्यामागून हिवाळे गेले. जोडीदार दिसला नाही. काचबिंदूनं गंगाधररावांची नजर मात्र मंदावत गेली. मला फार वाईट वाटायचं.

एका फाल्गुनात चांदवडचे चुलते वारले. घरात सुतक आलं. देवापुढं दिवा नाही, त्यामुळं खालून हाकही नाही. हात रिकामे, म्हणून श्यामलाबाईच गच्चीवर आल्या. आभाळ अजून निळसर होतं.

"बघू तरी, काय असतं एवढं!" म्हणत त्यांनी डोळा लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांना कधी कोणी बोलावलंच नव्हतं.

"अहो, मोठा तारा पुढं सरकतोय. आणि त्याच्या मागोमाग एक बारीक ठिपका चाललाय."

गंगाधरराव थिजले. दुर्बिणीतून तारे सरकताना दिसतात आणि जोडीदार व्याधाच्या मागून येतो, हे त्यांनी बायकोला कधीच सांगितलं नव्हतं. आभाळात उजेड असेतोवर व्याधाचा झगमगाट सौम्य असतो, हेही त्यांना आत्ता कुठं उमगलं. त्यांनी घाईनं डोळा लावला.

"मला नाही दिसत गं."

"मी सांगते ना. तुम्ही बसा."

सुतक फिटल्यावर श्यामलाबाई दिवा लावून स्वतःच वर यायला लागल्या. आता माझा मुलामा काळवंडलाय. जोडीदारही झगमगाटात शिरलाय.

"आज नाही दिसत हो," त्या म्हणतात.

"असू दे. आहे तो तिथंच," गंगाधरराव म्हणतात. त्यांना तर आता व्याधही दिसत नाही.

जोडीदार पुन्हा लांब येईल म्हणे, पुष्कळ वर्षांनी. तेव्हा मी कुणाकडे असेन, कोण जाणे. ज्याच्याकडे असेन, त्याला एवढंच मागणं: मला नवी चांदी चढव, काळोखाची वाट बघत बसू नकोस, आणि खालून जी हाक मारते, तिला आधी वर बोलाव.