भाऊजींचा भुरका

आमचे भाऊजी दोन आवाजांसाठी ओळखले जायचे. एक भुरक्याचा आणि एक घोरण्याचा. पहिल्यासाठी त्यांना पगार मिळायचा आणि दुसऱ्यासाठी ताईची बोलणी.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चहाच्या कंपनीत चहा चाखायचं काम करायचे. ऐकणारा हमखास हसायचा, की ही काय नोकरी झाली! मीही हसायचे, ताईबरोबर एकदा त्यांच्या ऑफिसात जाईपर्यंत. लांबलचक खोली, एका अंगाला नुसत्या खिडक्या आणि त्यांच्याखाली ओट्यावर पांढऱ्या वाट्यांची रांग. प्रत्येक वाटीमागे तिची कोरडी पत्ती आणि भिजलेला चोथा मांडलेला. भाऊजी एप्रन बांधून उभे राहिले, चमचा भरून ओठांशी नेला आणि असा काही भुरका मारला की मी दचकून ताईचा दंड धरला. चहा जिभेवरून उडून थेट टाळूच्या मागे जायला हवा, वास आतून नाकात चढायला हवा, तेव्हा कुठे चहा कळतो, असं त्यांनी मला नंतर समजावलं. भुरका झाला की पचकन पिकदाणीत, की पुढची वाटी. "हा ओलीत ठेवला होता." "याला आच जास्त लागलीय." बाकीचे चाखणारे माना डोलवत होते. घरी कुणी असला आवाज काढला असता तर ताईनं त्याला ताटावरून उठवलं असतं. तिथे मात्र ती खिडकीशी उभी राहून नवऱ्याकडे टक लावून बघत होती. लग्नातसुद्धा मी तिला इतकी खूश बघितली नव्हती.

दुसऱ्या आवाजाची साक्षीदार मी. त्यांच्या डोक्यावरच्या मजल्यावर मी एकटी राहते, आणि मधली फरशी काही भाऊजींच्या घोरण्याला पुरी पडायची नाही. मधेच तो आवाज एकदम थांबायचा. मला वाटायचं, सुटले बाई, आणि त्या फटीत मी झोपून घ्यायचे. ताई मात्र खाली ताडकन उठून बसायची. कारण घोरणं थांबायचं म्हणजे भाऊजींचा श्वासच थांबायचा. ती त्यांना ढोसायची, ते हापापल्यासारखा श्वास ओढायचे, कुशीवर वळायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. अशी वर्षानुवर्षं तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. भाजी निवडताना पेंगायची, बोलताबोलता वाक्य सोडून द्यायची. भाऊजींना यातलं काही पटायचंच नाही. "तुझ्या ताईला राईचा पर्वत करायची सवय आहे," असं उलट मलाच म्हणायचे.

शेवटी ताईनं त्यांना ओढत नेऊन झोपेची तपासणी करवली, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा उतरला. आधी नाकावर लावायचं हवेचं मशीन दिलं. मी त्यांना 'पाणबुडे' म्हणायला लागले. पण झोपेत ते त्याचा मुखवटा काढून फेकायचे आणि सकाळी तो पलंगाखालून शोधावा लागायचा. मग डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. झोपेत जीभ सैल पडून मागे घसरते आणि श्वासाची वाट बुजवते, तर हनुवटीखालून छोटा छेद घ्यायचा, जबड्याच्या हाडाला आतून एक बारीक स्क्रू बसवायचा आणि जिभेच्या मुळातून दोरा घालून ती पुढे ओढून धरायची.

"डॉक्टर, माझं जिभेवर पोट आहे," भाऊजी म्हणाले.

"बोलण्या-गिळण्यात थोडे दिवस फरक पडतो. बहुतेकांचं पुढे ठीक होतं."

"बहुतेकांचं," भाऊजी नुसतंच म्हणाले.

घरी आल्यावर ताईनं त्यांचा पिच्छाच पुरवला. "तुमच्या चहावाचून कुणाचं अडत नाही. तुमच्यावाचून माझं अडतं." मीही तिचीच री ओढली. ओढणार नाही तर काय? त्यांचा श्वास थांबतो हे एकदा कळल्यावर त्या फटीत मलाही झोप येईनाशी झाली होती.

ऑपरेशन छान झालं. श्वास थांबायचं थांबलं, आणि ताई झोपली. अशी झोपली की दूधवाला बेल वाजवून वाजवून वर माझ्याकडे यायचा. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, ती गुणगुणायला लागली, नव्या पडद्यांचं कापड आणलं. भाऊजी तिच्याकडे बघून हसायचे आणि म्हणायचे, "चिमे, तुझी ताई वयानं तुझ्यापेक्षा लहान दिसायला लागली बघ." मी त्यांना उशी फेकून मारली होती.

पण भुरका काही येईना.

मी साखर मागायला खाली गेले, तर भाऊजी बेसिनवर वाकून चमच्यानं सराव करत होते. जीभ मागे जायला तयार नव्हती. चहा पुढच्या पुढे घुटमळायचा आणि हनुवटीवरून ओघळायचा. मला बघून म्हणाले, "मला आता लाळेरं शिवा." मी हसले, कारण तेही हसत होते. बोलणं तर महिन्याभरात अगदी पहिल्यासारखं झालं, त्यामुळे बाहेरच्या कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. ताईसुद्धा म्हणायची, येईल हळूहळू.

मग एक दिवस त्यांनी धुराचा वास लागलेला अख्खा माल पास केला. त्यांच्या हाताखालच्या बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी गाजावाजा केला नाही, बाजूला घेऊन हळूच सांगितलं. भाऊजींनी ती वाटी पुन्हा चाखली, पुन्हा पुन्हा चाखली. त्यांना धूर लागलाच नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः साहेबांकडे गेले आणि म्हणाले, माझ्यावर विसंबू नका. कंपनीनं त्यांना पॅकिंग विभागात दिलं. तिथे खोके भरताना बघायचं, चिकटपट्टी नीट लागली का बघायचं.

त्यांनी तक्रारीचा शब्द काढला नाही. पण पूर्वी घरातल्या प्रत्येक कपावर त्यांचं काहीतरी भाष्य असायचं, ते बंद झालं. एकदा ताईनं मुद्दाम डब्याच्या तळची, वास उडालेली, कुबट पत्ती घालून चहा केला. मी समोरच होते. पूर्वीच्या भाऊजींनी पहिल्या घोटालाच नाक मुरडलं असतं. त्यांनी सावकाश सगळा कप संपवला आणि म्हणाले, "छान झालाय गं." ताई कप घेऊन आत गेली ती बाहेर येईना. मी जाऊन बघितलं, तर नळ मोठा सोडून रडत होती.

"मी त्यांचं काय करून ठेवलं गं, चिमे," ती म्हणाली. "असं नुसतं जगवायचं नव्हतं मला त्यांना."

त्याच आठवड्यात कापड आणायला जातो असं सांगून आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. ताईनं बसायच्या आधीच विचारलं, तो दोरा सोडवता येतो का.

डॉक्टर जरा गोंधळले. "तेव्हा आला असता. ते आले होते ना त्यासाठी. तुम्हाला माहीत असेल."

"कधी?"

"ऑपरेशननंतर दुसऱ्या महिन्यात. कामाला अडतंय म्हणाले. मी म्हटलं, आत्ताच सैल केला तर तुमचं ते चाखणं बहुधा परत येईल. पण घोरणं परत येईल, श्वास थांबणंही येईल. ठरवायचं तर लवकर ठरवा. आता आत सगळं धरून बसलंय. दोरा काढून आता जीभ पहिल्यासारखी होणार नाही."

"मग ते काय म्हणाले?"

"उठून दारापर्यंत गेले. मग म्हणाले, राहू द्या, बायको झोपायला लागलीय." डॉक्टरांनी आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. "मला वाटलं, तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय."

रस्त्यानं ताई इतकी भराभर चालली की मला जवळजवळ पळावं लागलं. घरी भाऊजी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. "कापड कुठाय?" त्यांनी विचारलं.

"मला का नाही सांगितलंत?" ताई म्हणाली. आम्ही कुठून आलो हे त्यांना तेवढ्यानंच कळलं. हातातली चादर त्यांनी आधी नीट घडी करून ठेवली.

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"सोडवून घ्या म्हणाले असते!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

"मी जागले असते हो. मला सवय होती."

"मला माहीत आहे," भाऊजी म्हणाले आणि उशीचा अभ्रा उचलला.

मला त्या वेळी दोघांचाही भयंकर राग आला. एकमेकांसाठी जीव टाकणारी ही दोन माणसं, आणि एका शब्दानं विचारायला कुणी तयार नाही! डोळ्यांत पाणी यायला लागलं तशी मी वर निघून आले.

त्यालाही आता बरेच दिवस झाले. खालून काहीच आवाज येत नाही. ताईची झोप मात्र त्या दिवसापासून गेली आहे. भाऊजी शांत झोपतात आणि ही त्यांच्या शेजारी डोळे मिटून पडून राहते. कूससुद्धा बदलत नाही, ते जागे झाले तर त्यांना कळेल म्हणून. हे तिनं मला एकटीला सांगितलंय आणि तोंड उघडलंस तर याद राख, असा दमही भरलाय. सकाळी भाऊजी चहा करून तिच्या हातात देतात आणि विचारतात, "झोप झाली का गं?"

"झाली की," ती म्हणते. "अगदी गाढ."