देवाला सोडलेला वळू

वळूचा कान माझ्या मुठीत होता. मुळाशी कानात ऊब होती; टोकाकडे मात्र तो गारठलेला, वाळल्या चामड्यासारखा कडक. राहीबाई कानाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

एकाहत्तरचा डिसेंबर. माणच्या माळावरची ती थंडी अजून अंगात आहे: ओढ्याकाठचे देवाचे कुरण, उन्हात तांबूस होत गेलेले गवत, त्याचा गोडसर वास, आणि चावडीवरच्या रेडिओतून तुटक तुटक ऐकू येणारे युद्ध. मुंबईत शिकून जनावरांचा डॉक्टर म्हणून मी नुकताच तालुक्याला आलो होतो. सारे दुःख कवितेत मावते असे वाटण्याचे ते वय होते.

राहीबाईंचा मुलगा सयाजी सरहद्दीवर लढत होता. तो सुखरूप परतावा म्हणून त्यांनी गोठ्यातला खिलार खोंड सिद्धनाथाला सोडला होता. सोडलेल्या जनावराच्या गळ्यात पुन्हा दावे घालायचे नसते. घातले, तर नवस मोडला.

मी गवताचा तुरा खुडून तळहातावर चोळला. काळे, वाकडे, बारीक दाणे उरले.

"ही बुरशी. हिच्या विषानं रक्तवाहिन्या आवळतात, थंडीत जास्तच. टोकापर्यंत रक्त पोचत नाही. आधी कान, शेपूट; मग खुरं गळतील."

"आवं डाक्टर," राहीबाईंचे दीर आप्पासो म्हणाले, "आजारी वळू, आन् नाडी बघताय गवताची. ममईत आसंच शिकीवत्यात व्हय?"

"ऱ्हाऊ द्या, भावजी. औषिद काय, डाक्टर?"

"औषध नाही. हे गवत तोंडाला लागता कामा नये. गोठ्यात बांधून कडबा घालायचा."

"हितंच आणून टाकते की कडबा."

"पायाखाली हे गोड गवत असताना तो कडबा कशाला खाईल?"

आप्पासोंचे हसू मावळले. "वयनी, मी बांदतो. नवस तुमचा, दावं माजं."

"देवाला येवडं कळत न्हाई व्हय, भावजी?"

वळू पुन्हा चरू लागला. मागचा एक पाय तो जेमतेम टेकवत होता.

"आज बांधला तर बहुतेक पाय वाचतील," मी म्हणालो. "राहीबाई, बांधायचा का?"

त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. शेपटीच्या वाळलेल्या गोंड्यापाशी हात क्षणभर थांबला. मग वळूला तसाच मोकळा ठेवून, डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्या पायवाटेने गावाकडे चालू लागल्या.